मामा खाकरले की थांबायचं

३ सप्टेंबर

चिरंजीव अंगठेबहाद्दरास,

आईचे आशीर्वाद. आमच्या गावच्या शाळेत ज्याला सही येत नसे तो शाईत बुडवून अंगठा उठवायचा, आणि मास्तर त्याला अंगठेबहाद्दर म्हणायचे. तू एवढा शिकलास, कंपनीच्या मोठ्या ऑफिसात बसतोस, आणि आईनं फोनवर गाडीभर मजकूर पाठवला की खाली एक पिवळा अंगठा. ताप आला होता, अंगठा. गच्ची गळते, अंगठा. म्हणून आता कागदावर लिहिते. कागदाला अंगठा देऊन दाखव.

काल सकाळी तुझे बाबा बोलले.

घाबरू नकोस, मी शुद्धीवर आहे. भांडी घासत होते. त्यांचा जुना माइकवाला रेडिओ अजून ओट्यावरच्या फळीवर आहे, बंदराच्या चॅनेलला लावलेला. ते गेल्यापासून मी तो बंद केलेला नाही, नाहीतर घर फार गप्प होतं. रोजची खरखर चालू होती आणि मधेच आवाज आला, "टग दोन, टग दोन. लाल बोयाच्या डावीकडून या. पाणी आहे."

तेच. 'पाणी' म्हणताना तसाच नाकात गेलेला सूर, 'आहे' अर्धा गिळलेला. हातातली काचेची बरणी सिंकमध्ये पडून फुटली. दोन वर्षं झाली माणसाला जाऊन, आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अहो, हळू बोला जरा, शेजारी झोपलेत."

मग लक्षात आलं. तिथेच ओल्या फरशीवर बसले.

संध्याकाळी तुझी धाकटी बहीण आली. टग दोन, जहाजं ओढायची बोट, तिचीच. आल्या आल्या माझ्याकडे बघून म्हणाली, "ऐकलंस ना?"

म्हटलं, "ऐकलं. जेवायला येणार आहेत का तेवढं सांग, त्या हिशोबानं भात टाकते."

ती हसली नाही. म्हणाली, "आई, ते यंत्र आहे. दादाच्या कंपनीचं. बाबा बसायचे त्या कंट्रोल रूममध्ये आता माणूस बसत नाही. बाबांचं रेडिओवरचं वर्षानुवर्षांचं बोलणं बंदराकडे साठवलेलं होतं, ते यंत्राला ऐकवलं आणि यंत्र त्यांच्यासारखं बोलायला लागलं."

तू आणि ते शेवटचं बोललात ते याच ओट्याशी. तू म्हणालास, बाबा, तुमचं काम उद्या यंत्र करेल. ते म्हणाले, मग यंत्रालाच बाप म्हण. तू बॅग उचललीस. ते गेले तेव्हा सकाळी आलास आणि संध्याकाळी परत. त्यांचं एवढं एक बोलणं मात्र तू अक्षरशः ऐकलंस, लेका. यंत्रालाच बाप केलंस.

मला विचारायचं तरी. मी नाही म्हटलं असतं की हो, ते मलाही माहीत नाही. पण विचारायचं.

तुझी आई

२६ सप्टेंबर

चिरंजीव अंगठेबहाद्दरास,

पत्र पोचल्याचं कळलं. फोनवर अंगठा आला. कागदालासुद्धा अंगठा देतोस म्हणजे कमाल आहे तुझी.

तुझ्या यंत्राची तुला खबर हवी असेल तर ऐक. तुला वाटत असेल लोकांनी ते पहिल्या दिवसापासून डोक्यावर घेतलं. छे. तुम्ही बोटींवर यंत्राचे काचेचे पडदे बसवलेत तेव्हा कोणी ढुंकून बघत नव्हतं. धाकटीच्या टगवर पडद्याला ओला रेनकोट टांगायचे, सपाट मालबोटींवरचे बार्जवाले त्यावर टॉवेल वाळत घालायचे. चष्मेवाला साहेब, तोच, तुमच्या कंपनीनं बंदरावर बसवलाय तो, बिचारा बोटीबोटीवर जाऊन टॉवेल काढायचा. त्याची पाठ वळली की टॉवेल परत जागेवर.

आणि मग मामा बोलले.

तुला माहीतच आहे, तुझे बाबा म्हणजे सगळ्या बंदराचे मामा. बाहेरच्या देशाचे कप्तानसुद्धा 'गुड मॉर्निंग, मामा' म्हणायचे. त्यांना वाटायचं मामा हा हुद्दा आहे, कप्तानाच्या वरचा. तो आवाज आला आणि सगळे मुकाट ऐकायला लागले. इंजिनवाले काका, बाबांचे दोस्त, त्यांनी तर मोबाइलसुद्धा कधी घेतला नाही, तेही म्हणतात, "वहिनी, यंत्रबिंत्र काही कळत नाही, पण मामा सांगतायत तर बरोबरच असणार."

तू हुशार आहेस. माणसं यंत्राचं ऐकत नव्हती, म्हणून यंत्राला मामाचा गळा दिलास. आता सगळं बंदर मामा बनलंय.

साहेब बिस्किटांचा पुडा घेऊन आला होता. म्हणाला, "आजी, मामांमुळे आमचं काम सोपं झालं." मी म्हटलं, "मेल्यावर तरी कोणाच्या उपयोगी पडले. जिवंतपणी एक खिळा ठोकला नाही घरात." तो घाबरून माझ्याकडे बघत राहिला. हसायचं की नाही ते त्याला ठरवता येईना. मला अशी माणसं आवडतात.

सकाळी चहा करताना मी आता दोन कप काढते. एक परत ठेवते. ते 'पाणी आहे' म्हणतात, मी म्हणते 'दूध संपलंय.' संसार बरा चाललाय. पूर्वीपेक्षा कमी भांडतो.

फक्त एक आहे. त्यांच्या बोलण्यात काहीतरी कमी आहे. रोज ऐकते आणि रोज वाटतं, शर्टाचं एखादं बटण तुटलेलं असावं आणि कुठलं ते दिसू नये, तसं. सापडलं की लिहीन.

तुझी आई

१९ ऑक्टोबर

शहाण्या,

सापडलं. ते खाकरत नाहीत.

वाळूची बार्ज बोयाजवळ तळाला घासली. माणसं वाचली, बूड फाटलं. ती चालवत होते इंजिनवाले काका. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन उभे राहिले, पायात चप्पल नाही, चेहरा राखेसारखा. म्हणाले, "वहिनी, मामा खाकरले नाहीत हो."

मी म्हटलं, "आत या, बसा."

"ते म्हणाले, पाणी आहे. सरळ म्हणाले. खाकरले असते तर मी पुढे घातली असती का? वहिनी, मी का पुढे घातली असती?"

तू लहानपणापासून त्यांच्याशी भांडत राहिलास, म्हणून तुझ्या कानावरून गेलं असेल. तुझ्या बाबांना 'मला माहीत नाही' हे तीन शब्द म्हणता येत नव्हते. जीव गेला असता तरी म्हटले नसते. खात्री नसली की ते आधी घसा खाकरायचे आणि मग उत्तर द्यायचे. लग्नानंतर मी विचारलं होतं, मी आवडले का, तर खाकरले आणि म्हणाले, हो. आठवडाभर बोलले नाही मी.

बंदरावर हे सगळ्यांना ठाऊक. कोणी कोणाला शिकवलं नाही, कुठे लिहिलेलं नाही. मामा म्हणाले 'पाणी आहे', म्हणजे खोली पुरेल, तर जायचं. मामा खाकरून म्हणाले 'पाणी आहे', तर इंजिन बंद करायचं आणि थांबायचं. ते बोयाजवळच्या बोटीवरच्या माणसाला विचारून पुन्हा सांगेपर्यंत हलायचं नाही. कधी कोणी त्यांना तोंडावर म्हटलं नाही की मामा, तुम्हाला माहीत नाहीये. त्यांचा मान राहायचा आणि बोटीचं बूडही.

तर ते खाकरणं घाल परत. तुला काय, एक बटण दाबायचं असेल.

साहेब चौकशीला आला होता. त्यानं मलाही विचारलं, "आजी, मामांच्या बोलण्याची काही खास पद्धत होती का? आवाजामुळे गोंधळ होत असेल तर वरून आवाजच काढून टाकायला सांगतो. साध्या बाईचा आवाज असतो कंपनीकडे."

मी म्हटलं, "छे हो, चारचौघांसारखे बोलायचे." आणि त्याला चहा दिला.

तिथेच बसलेल्या काकांनी माझ्याकडे बघितलं. मग तेही कपात बघत चहा प्यायले.

म्हणून तुला लिहिते. तू आतल्या आत दुरुस्त कर. साहेबाला कशाला मधे घ्यायचं. मला साध्या बाईचा आवाज नको आहे घरात, एक आहे तेवढी पुरे.

आई

७ नोव्हेंबर

चिरंजीव,

तुझं पत्र आलं. खरं, कागदाचं, तुझ्या अक्षरातलं. शेजारणीला दाखवलं. ती म्हणाली, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, "आईची आठवण येते म्हणून रडलाय." उघडं पडू नये म्हणून मग लपवून ठेवलं.

तू लिहितोस, 'आई, खाकरणं आम्हीच काढलं. रेकॉर्डिंगमध्ये तो कचरा होता. खोकला, खाकरणं, कपाचा आवाज, हे सगळं साफ करायला आमची माणसं कित्येक महिने बसली होती.' बसली असतील. तुमच्यात एकाला तरी वाटलं नाही का, की हा माणूस इतका का खाकरतो, याला विचारावं? आणि तो नसेल तर त्याच्या बायकोला?

पुढे लिहितोस, 'यंत्राला खात्री नसली की ते पडद्यावर पिवळा रंग दाखवतं. बार्जच्या वेळी पिवळाच होता. त्यांनी बघायला हवं होतं.'

हे तुझं खरं आहे. मी धाकटीला विचारलं. ती म्हणाली, "हो, दिसतो पिवळा. पण आई, बाबा कानात बोलत असताना पडद्याकडे कोण बघतं?"

बघ म्हणजे. यंत्र डोळ्यांना एक सांगतं आणि कानाला दुसरं, आणि कानात बाप बसवलायस.

धाकटीचं मला बरं लक्षण दिसत नाही. रेडिओवर ती पूर्वी म्हणायची, 'टग दोन, समजलं.' परवा मी इथे ऐकलं, ती म्हणाली, 'हो बाबा.' घरी आली तेव्हा मी चिडवलं, "बापाचं जिवंतपणी एक ऐकलं नाहीस, आता बरी गोगलगाय झालीस."

ती बूट काढत होती. वर न बघता म्हणाली, "आता ते ओरडत नाहीत ना. आता ते नेहमी बरोबर असल्यासारखे बोलतात."

मला ते आवडलं नाही. तुझे बाबा नेहमी बरोबर असल्यासारखे कधीच बोलले नाहीत. निम्मा वेळ खाकरण्यात जायचा त्यांचा.

तू बंदरावर वाढलास, तुला टग काय असते ते मी सांगायला नको. एवढीशी बोट, आणि दोराला डोंगराएवढं जहाज. जहाज तळाला लागून एकदम थांबलं की दोर आडवा ताणला जातो आणि टगला कुशीवर पाडतो. बाबा सांगायचे, डोळा मिटून उघडेपर्यंत होतं. आत्ता धुक्याचे दिवस येतील. धुक्यात तर कानच सगळं.

तू 'पुढच्या सुधारणेत बघतो' असं लिहिलंयस. पुढची सुधारणा धुक्याआधी येते की नंतर, ते लिहिलेलं नाहीस.

तुझी आई

११ डिसेंबर

चिरंजीवास,

तुझ्या कानावर आलं असेलच. लोक काय काय सांगतील. माझ्याकडून ऐक.

परवा ओहोटीला खिडकीत बसले होते. लाल बोयाच्या डावीकडे पाण्यावर पांढरे पक्षी होते. आधी वाटलं पोहतायत. मग नीट बघितलं, ते उभे होते. पायांच्या काड्या दिसत होत्या. जहाज जातं त्या वाटेवर पक्षी उभे.

मी साहेबाला फोन केला. तो म्हणाला, "आजी, बोयाखाली यंत्र आहे, ते खोली मोजतं." म्हटलं, "बोयाखाली शेवाळ आणि शिंपले किती चढलेत ते बघितलंत का? आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय." तो म्हणाला, मोजणीची बोट पुढच्या आठवड्यात येणार आहे.

काल सकाळी धुकं. खिडकीच्या बाहेर कापूस कोंबल्यासारखं. मी चहा ढवळत होते आणि ते बोलले, "टग दोन. लाल बोयाच्या डावीकडून आणा. पाणी आहे." ठणठणीत. सुखी माणसासारखे.

धाकटी म्हणाली, "हो बाबा."

मागे दोराला मोठं जहाज होतं. मला त्याचा भोंगा घरात ऐकू येत होता, भिंतीतून यावा तसा.

मी काही ठरवलं नाही. ठरवायला वेळ कुठे होता. एका हातात चहाचा पेला आणि चमचा तसाच, दुसऱ्या हातानं रेडिओचा माइक काढला, बटण दाबलं आणि खाकरले. त्यांच्यासारखी. इतकी वर्षं त्यांची नक्कल करून त्यांना छळलंय मी, ती विद्या काही वाया गेली नाही. एकदा खाकरले, चमचा पेल्यावर वाजला, आणि बटण सोडलं.

मग इंजिनवाले काका कुठल्यातरी दुसऱ्या बोटीवरून ओरडले, "मामा खाकरले. थांबा. सगळे थांबा."

धाकटीनं इंजिन बंद केलं, जहाजानं नांगर टाकला. धुकं उठलं तेव्हा गाळाची पाठ त्यांच्यासमोर पालथ्या होडीसारखी उघडी होती, आणि तिच्यावर ते पक्षी.

संध्याकाळी धाकटी आली. जेवली नाही. माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली, मोठी कप्तान. मग म्हणाली, "आई, मला वाटलं खरंच बाबा."

म्हटलं, "मलाही क्षणभर वाटलं." खोटं बोलले. मला घशात नुसती आग वाटत होती.

आज साहेब आला. चॅनेलवर परवानगीशिवाय बोलणं गुन्हा आहे म्हणाला. माइक काढून नेला, ऐकायचा भाग ठेवला. जाताना दारात थांबला आणि म्हणाला, "आजी, खाकरण्याचं तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

मी त्याला बिस्किट दिलं. त्यानं घेतलं नाही.

आई

८ जानेवारी

लेका,

तुझी सुधारणा आली का? म्हणजे आता जे चाललंय ते तू केलंयस का? नाही ना? साहेबही म्हणाला, हे वरून आलेलं नाही.

यंत्र खाकरायला लागलंय.

पहिल्या दिवशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, (खाकरून) "चार नंबरचा धक्का मोकळा आहे." धक्का मोकळा आहे हे आंधळ्यालाही दिसत होतं. मग (खाकरून) "गुड मॉर्निंग." मग (खाकरून) "टग दोन, समजलं."

साहेबानं मला समजावलं. यंत्र चॅनेलवर जे ऐकतं त्यातून शिकत राहतं. त्या सकाळी जे ऐकलं ते त्याला मामांचंच वाटलं, आणि ते ऐकून सगळं बंदर थांबलं, म्हणजे काहीतरी फार महत्त्वाचं असणार, एवढं त्याला कळलं. कुठे वापरायचं ते कळलं नाही. म्हणून सगळीकडे वापरतं.

आणि प्रत्येक खाकरण्यामागे एक बारीक 'टिंग' येतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातला चमचा खाली ठेवला. माझा चमचा आहे तो. त्यांच्या गळ्यातून मी खाकरते, लेका. दिवसभर. मी इथे गप्प बसलेली असते आणि तिकडे धुक्यात मी खाकरत असते.

आधी बोटी प्रत्येक वेळी थांबल्या. जहाजांची रांग लागली. तुमच्या कंपनीचा कोणी मोठा माणूस साहेबावर ओरडला. मग लोक हळूहळू थांबायचे थांबले. लांडगा आला रे आला, शाळेत होती ना गोष्ट. धाकटीला परवा विचारलं, "खाकरले तर काय करतेस?"

म्हणाली, "काय करणार? जाते पुढे."

आधी खाकरत नव्हते म्हणून कळत नव्हतं. आता सारखे खाकरतात म्हणून कळत नाही. आणि या दोन्हींच्या मधे खाकरले ती मी.

मी चहाचा दुसरा कप काढणं बंद केलंय.

आई

१५ जानेवारी, सकाळ

लेका,

साहेब दारात उभा आहे. या कागदाचा फोटो काढून तो तुला पाठवणार आहे, कारण टपालाला वेळ नाही आणि तू फोन उचलत नाहीस. कुठल्यातरी बैठकीत आहेस म्हणे. चिडवायला फुरसत नाही, म्हणून नीट वाच.

बोयापाशी गाळ काढला होता. गाळ असा जात नाही, एका घरातून हाकलला की दुसऱ्या घरात जाऊन बसतो. काल संध्याकाळच्या ओहोटीला मी पक्षी बघितले. आता आतल्या वळणावर. उभे.

आज पुन्हा धुकं आहे. भरतीला, दुपारी, एक जहाज आत येणार. धाकटी दोरावर.

मी तिला पहाटेच सांगितलं. ती म्हणाली, "आई, जहाज मी नाही वळवत, त्याचा कप्तान वळवतो. तो लांबच्या देशाचा, त्याला मी काय सांगू, माझ्या आईनं पक्षी बघितले? तो मामांचं ऐकतो."

म्हटलं, "मग आज जाऊ नकोस."

"मी नाही गेले तर दुसरा कोणी जाईल." बूट बांधून उभी राहिली. मग म्हणाली, "दोर तोडायला एक माणूस कुऱ्हाड देऊन उभा ठेवते. झालं समाधान?" आणि माझ्या गालाला हात लावून गेली. तिनं असं कधी केलं नव्हतं.

साहेबाला सांगितलं. या वेळी त्यानं ऐकलं, चांगलं पोर आहे. तो म्हणाला, पण मी रेडिओवर सांगू शकत नाही. तुमच्या त्या माइकच्या प्रकारानंतर वरून चॅनेलला कुलूप घातलंय. यंत्र चालू असताना किनाऱ्यावरून दुसऱ्या कोणाचा आवाज जात नाही. यंत्र बंद केलं तरच माणसाला बोलता येईल. त्यानं तुमच्या ऑफिसात फोन लावला, तर ते म्हणतात पडद्यावर पिवळा आहे, कप्तान बघेल.

मी विचारलं, बंद कोण करू शकतं?

त्यानं चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "ज्यांनी चालू केलं ते. त्यांच्या फोनवर विचारणा गेली आहे. त्यावर त्यांना अंगठा टेकवायचा आहे. बस."

एकदा गेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा घालवायचं तर बायकोला कोणी विचारत नाही, मुलाचाच अंगठा लागतो.

तू त्यांचा आवाज का वापरलास ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, शहाण्या. लोकांनी ऐकावं म्हणून होतं ते खरं. पण त्यांनी तुझ्याशी बोलणं सोडलं होतं, आणि तुला ते बोलायला हवे होते. मलाही हवे होते. म्हणून मी साहेबापाशी गप्प बसले. आपण दोघांनी त्यांना धरून ठेवलंय, आणि ते तिकडे पोरीला गाळात बोलावतायत.

सोड त्यांना. मी सोडलं.

तुझ्याकडून मी नेहमी लांबलचक पत्र मागत आले. आज मागत नाही. काही लिहू नकोस, कारण सांगू नकोस, माफी तर मुळीच मागू नकोस. नुसता अंगठा दे.

भरती चढायला लागली आहे. जहाजाचा भोंगा लांबून येतोय. रेडिओ चालू आहे, ते बोलतायत, "टग दोन, या. पाणी आहे." मागे माझा चमचा वाजतोय.

मी इथे ओट्याशी उभी आहे. ते गप्प झाले की समजेन, तुझं पत्र आलं.

आई